दर श्रावणात लिंबाच्या बुंध्याला डिंक येतो? आधी आळं बघा, मग औषध

पावसाळा लागून महिना-दीड महिना होतो, आजूबाजूला सगळं हिरवंगार असतं आणि नेमकं आपलं लिंबाचं झाड पिवळं पडायला लागतं. आधी एकाच बाजूच्या फांदीची पानं. मग गोट्यांएवढी फळं टपटप गळतात. खाली वाकून बघावं तर बुंध्याला मधाच्या रंगाचा डिंक. औषध केलं की जरा बरं वाटतं, दिवाळीनंतर नवी पालवीही येते. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. एकीकडे कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, रोटांची गडबड आणि दुसरीकडे मी झाडाखाली उकिडवी बसून डिंक खरवडतेय, असे लागोपाठ तीन श्रावण गेले.

ज्यांनी फळझाडांच्या मधोमध भाजी, वेल आणि आच्छादन अशी पर्माकल्चर पद्धतीची परसबाग केली आहे, जमीन काळी आहे आणि लिंबू, मोसंबी किंवा संत्रं दरसाल असं आजारी पडतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठ्या बागेला यातलं बरंच लागू पडेल. पण माझा अनुभव अमळनेरच्या घरामागच्या १८ बाय ४० फुटांचा आहे: एक लिंबू, एक पेरू, एक सीताफळ, भिंतीकडे कढीपत्ता, पश्चिमेला दोन शेवगे आणि केळीचे चार-पाच खांब.

रोग तोच आहे ना, हे आधी ठरवा

पान पिवळं पडलं की आपण सगळे एकच औषध शोधतो. पण पिवळेपणाच्या तऱ्हा वेगळ्या असतात. एक पान तोडून उजेडाकडे धरा.

शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरांची जाळी हिरवीगार दिसत असेल तर झाडाला लोह किंवा जस्त मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत हे होतं. प्लॉटवरच्या घरात तर फारच, कारण बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा मलबा तिथेच पुरलेला असतो. खालची जुनी पानं सरसकट फिकट पडली असतील तर नत्र कमी पडतंय. लाकडाचा भुसा किंवा वाळलेला काडीकचरा तुम्ही मातीत कालवला होता का, ते आठवा. तो वर पसरलेला राहिला तर त्रास नाही. मातीत मिसळला की कुजताना नत्र ओढून घेतो.

तिसरी तऱ्हा आपली. पानाची मधली शीर आणि तिला फुटलेल्या शिरा पिवळ्या, कडेचा भाग त्यामानाने हिरवा. म्हणजे पहिल्या तऱ्हेच्या अगदी उलट. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे उतरतं. बुंध्याजवळ साल कुजली की ती वाट तुंबते आणि त्याची खूण आधी शिरांवर उमटते. मी दोन वर्षं ही पानं बघत होते आणि झाडाला फेरस सल्फेट देत होते!

पानावरून शंका आली की चाकू घ्या. डिंकाच्या शेजारी नखाएवढी साल खरवडा. आतून ओली हिरवट-पांढरी निघाली तर तिथे जीव आहे. तपकिरी, मऊ निघाली आणि आंबूस वास आला तर डिंक्या, म्हणजेच पायकूज. डिंक जमिनीपासून बराच वर, फांदीच्या बेचक्यात असेल आणि तिथे भुशाची जाळी किंवा भोक दिसत असेल, तर ते साल खाणाऱ्या अळीचं काम. भोक साफ करून तार घाला, अळी ओढून काढा. त्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही.

डिंक्याचं मूळ आहे फायटोफ्थोरा. बुरशीसारखाच हा जीव मातीत राहतो. याचे बीजाणू शेपटीवाले असतात आणि मातीतल्या पाण्यातून पोहत मुळापर्यंत, सालीपर्यंत पोचतात. त्यामुळे बुंध्याशी पाणी किती वेळ थांबतं, यावर सगळं ठरतं. हे मला उशिरा कळलं.

माझे तीन फसलेले उपाय

लिंबाचं झाड सासऱ्यांनी, आप्पांनी, २००९ साली लावलेलं. रीतसर ३ बाय ३ बाय ३ फुटांचा खड्डा, त्यात शेणखत, नदीकाठचा पोयटा, सगळं. दहा वर्षं झाड उत्तम होतं. वर्षभर शेजाऱ्यांना लिंबं वाटूनही आमच्याकडे लोणचं पडायचं. पुढे मला पर्माकल्चरचं वेड लागलं. हा शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात रूढ केला. कल्पना मला तेव्हा पटली, आजही पटते. मोठं झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली भाजी, जमिनीवर पाल्याचं पांघरूण, आणि घरातून निघणारं पाणी-कचरा त्यातच जिरवायचा. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी पाहिलेली सगळी चित्रं भुसभुशीत मातीची आणि वर्षभर वाटून पडणाऱ्या पावसाची होती. आमच्याकडे आठ महिने फुफाटा आणि उरलेल्या चार महिन्यांतले मोजके दिवस धो-धो.

तर २०१८ च्या उन्हाळ्यात मी लिंबाखाली वीतभर जाड आच्छादन घातलं. केळीची पानं, गव्हाचा भुसा, कडुलिंबाचा पाला. बुंध्याला अगदी चिकटवून, मायेने! आळंही बुंध्याभोवतीच होतं आणि मोरीचं पाणी पाइपने त्या आळ्यात सोडलं. थेंब वाया जात नाही, म्हणून मी भलतीच खूश होते.

२०१९ च्या श्रावणात पहिला डिंक. दुकानातून पूड आणली, पाण्यात कालवून बुंध्याशी ओतली. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत हटलाच नाही, झाडाची एक फांदी वाळली. २०२० साली ठरवलं, रसायन नको. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मुरवून घातला, निंबोळी पेंड घातली. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, मी आजही घालते. पण त्या घातल्या कुठे, तर त्याच ओल्या आळ्यात, त्याच पाल्याच्या ढिगाखाली. २०२१ साली कुणीतरी म्हणालं, हवा खेळत नाही, छाटणी करा. केली. झाड बोडकं झालं, चैत्राच्या उन्हाने उघड्या फांद्यांची साल भाजली. डिंक यायचा तेव्हा आलाच.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाचोऱ्याकडचे मामा आले. त्यांची मोसंबीची बाग आहे, हयात त्यात गेली. त्या साली एप्रिलमध्ये लिंबं सोन्याच्या भावाने विकली जात होती आणि आमच्या दारच्या झाडाला चार लिंबं नव्हती, त्यामुळे विषय निघालाच. मामा उठले, झाडाखाली बसले आणि दोन्ही हातांनी पाला बाजूला केला. मे महिना, पारा ४४ वर, अंगणातल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. आणि बुंध्यापाशी माती चिंब! मामांनी ती चिमटीत घेऊन दाबली, पाणी बोटांवर आलं. मग त्यांनी अंगठ्याने साल दाबली. साल दबली. माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाले, "पानी मुयास्ले दे वं माय, बुडले नको." म्हणजे पाणी मुळांना दे, बुंध्याला नको.

एवढंच बोलले आणि जेवायला आत गेले.

चूक नेमकी कुठे होती

पाणी मुळांना हवं हे मलाही ठाऊक होतं. दहा-पंधरा वर्षांच्या लिंबाची पाणी पिणारी बारीक मुळं कुठे असतात, याचा मात्र मी कधी विचारच केला नव्हता. ती बुंध्याशी नसतातच. फांद्यांच्या घेराची कड जमिनीवर जिथे येते, दुपारी सावली संपते तिथे आणि तिच्या अलीकडे, वरच्या फूट-दीड फुटात ती पसरलेली असतात. बुंध्याशी ओतलेलं पाणी झाड फारसं पीतच नाही. नुसती साल भिजत राहते.

दुसरी गोष्ट खड्ड्याची. आप्पांनी जे केलं ते सगळेच करतात आणि मुरमाड जमिनीत ते ठीकच आहे. चिकट काळ्या जमिनीत मात्र असा खड्डा म्हणजे पुरलेलं पिंप. आत पोकळ माती, चारी बाजूंना घट्ट काळी. पावसाळ्यात भोवतालचं पाणी आत उतरतं आणि बाहेर जायला जागा नसते. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरणं जवळपास थांबतं. दहा वर्षं झाडाने हे सोसलं कारण उन्हाळ्यात खड्डा पार सुकायचा. मी आच्छादन आणि मोरी जोडून तो सुकायची सोयच काढून घेतली.

तुमच्याकडे पाणी किती मुरतं हे बघायचं असेल तर झाडापासून लांब फूटभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी काडी रोवून बघा की तासाभरात पाणी किती उतरलं. इंचभरसुद्धा उतरलं नाही तर तुमची जमीन माझ्यासारखी आहे असं समजा. आमच्याकडे सकाळी भरलेला खड्डा संध्याकाळी दिवे लावायच्या वेळीही अर्धा होता.

तिसरी गोष्ट साबणाची. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं. ते काळ्या मातीत साठलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि आधीच सावकाश मुरणारं पाणी आणखी थांबतं. वर पांढरट पापुद्रा दिसला तर ओळखावं.

दुरुस्ती: या क्रमाने करा

पहिलं काम पाऊस पडायच्या आत, मे महिन्यातच. बुंध्याभोवतीचा पाला आणि माती हाताने ओढून काढा, कुदळ लावू नका. वरच्या जाड मुळांचा फाटा दिसेपर्यंत उघडं करा. बहुतेक झाडं वर्षानुवर्षांच्या खत-मातीने चार-सहा इंच पुरली गेलेली असतात. कलमाचं झाड असेल तर जोड जमिनीच्या वर, मोकळ्या हवेत पाहिजे. मोसंबीची कलमं बरेचदा जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधलेली असतात आणि जंबेरीला हा रोग लवकर लागतो. रंगपूर लाईमचा खुंट जास्त तग धरतो, नवं रोप घेताना रोपवाटिकेत तेवढं विचारून घ्या.

मग धारदार चाकूने कुजकी साल तिरकी तासत निघा, चारी बाजूंनी जिवंत हिरवी कड लागेपर्यंत. खरवडलेला भुगा खाली पोत्यावर धरा आणि जाळून टाका, आळ्यात पाडू नका. जखम दिवसभर वाळू द्या.

त्यावर बोर्डो मलम. बागायतदार १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी असं करतात. घरी एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरतं. दोन वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी घ्या. एकात मोरचूद विरघळवा, दुसऱ्यात चुना. चुना विरताना चरचरून तापतो, तोंड लांब ठेवा, मुलांना लांब ठेवा. गार झाल्यावर चुन्याची निवळी गाळून घ्या, मोरचुदाचं निळं पाणी त्यात हळूहळू ओता आणि लाकडी काडीने ढवळा. लोखंडी बादली किंवा उलथनं अजिबात नको. तयार झालं की स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. खिळा जसाच्या तसा निघाला की मलम जमलं. ब्रशने जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत लावा आणि त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवून उपयोग नाही. खाली भाजी असेल तर आधी पोतं अंथरा. मोरचूद म्हणजे तांबं, ते मातीत साठत जातं. म्हणून वर्षातून दोनदाच, पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास.

आता आळं. जुनं मोडा. बुंध्याभोवती दोन फुटांपर्यंत मातीचा उतार बाहेरच्या बाजूला करा, उपड्या ताटासारखा. तिथे एक छोटी गोल वरंब घाला. त्यापुढची जागा सावलीच्या कडेपर्यंत पाण्याची, आणि तिच्या बाहेर दुसरी वरंब. ही बांगडी आळ्याची पद्धत मोसंबीवाल्यांकडे जुनीच आहे. पाणी दोन वरंबांच्या मध्ये राहतं, बुंधा कोरडा. ठिबक असेल तर बुंध्याला वेढलेली नळी सोडवून बाहेरच्या बांगडीत फिरवा. आमच्याकडे एकच ड्रिपर बुंध्याला टेकलेला होता, आता घेरावर चार आहेत.

पाणी द्यायचं की नाही हे वेळापत्रकाने ठरवू नका. बांगडीत वीतभर खोल माती उकरा आणि मुठीत दाबून लाडू वळा. लाडू वळला आणि बोटाला चिकटला तर आज पाणी नको. वळला पण टिचकीने फुटला तर उद्या द्या. वळतच नसेल तर आजच.

हे सगळं करूनही पावसाळ्यात पाणी साठत असेल तर उताराच्या बाजूला, आळ्याच्या बाहेरून, फूटभर रुंद आणि दीड-दोन फूट खोल चर काढा. त्यात फुटक्या विटा, गोटे भरा आणि चराचं तोंड जागेतल्या सर्वात खालच्या ठिकाणी न्या. आमच्याकडे ते ठिकाण नेमकं केळीचं निघालं, हे नशीब.

मोरीचं पाणी केळीला

पाणी वाया जाऊ नये हा हट्ट मी सोडलेला नाही. फक्त पाइपचं तोंड फिरवलं. लिंबापासून १२ फुटांवर, खालच्या अंगाला, ५ फूट रुंद आणि २ फूट खोल गोल खड्डा केला. निघालेली माती कडेने रचली आणि त्या कठड्यावर केळीचे कंद लावले. खड्डा रिकामा ठेवायचा नाही, नाहीतर डास होतात. तळाला जाड फांद्या, वर केळीचे चिरलेले खांब, पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा. मोरीचं पाणी पाल्याखालीच उघडतं. केळीला पाणी आणि खत दोन्ही लागतं, तिला हे मानवतं. कठड्यावर अळू तर इतका माजतो की वडीला वडी म्हणावं की चादर, असा प्रश्न पडतो. धुण्याच्या मशीनचं आणि फिनेलचं पाणी मात्र बाहेरच्या गटारीत.

केळी आणि लिंबू एका कॉकवर ठेवू नका. हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगते. केळीला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं. लिंबाला मधूनमधून सुकावं लागतं. मोसंबी-लिंबूवाले बहार धरायला झाडाला मुद्दाम ताण देतात, पाणी तोडतात, तेव्हा फुलं येतात. सतत ओलं ठेवलेलं लिंबू नुसतं पानांनी भरतं. घरच्या झाडाला शास्त्रोक्त बहार धरायची गरज नाही, पण निदान त्याचा कॉक वेगळा असू द्या.

झाडाखाली काय चालतं, काय नाही

इथे माझी सर्वात लाजिरवाणी चूक. लिंबाच्या सावलीत मी हौसेने भरताची वांगी लावली होती. जळगावची हिरवी भरताची वांगी म्हणजे आमचा अभिमान, २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे त्यांना. पण लिंबाला छळणारं फायटोफ्थोराचं कूळ वांगी, टोमॅटो आणि मिरचीवरही जगतं. मी रोगाला बारमाही खाणावळ काढून दिली होती. शिवाय वांग्याला लागणारं रोजचं पाणी लिंबाच्या बुंध्याशी. वांगी आता पेरूच्याही पलीकडे, उन्हात.

हळदीचंही तसंच. सावलीत छान येते, सगळे सुचवतात. पण ती काढताना जमीन खणावी लागते, लिंबाची वरवरची मुळं तुटतात, आणि रोगाला आत शिरायला तुटलेलं मूळ पुरतं. हळद-आलं केळीच्या कठड्याजवळ लावा, तिथे कितीही खणा.

मग लिंबाखाली काय? खणावं लागणार नाही असंच. पावसाळ्यात बाहेरच्या वरंबेवर मूग किंवा चवळी टोचा आणि फुलावर आली की विळ्याने कापून तिथेच पसरा, उपटू नका. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मातीतच राहू द्या. हिवाळ्यात बांगडीत मेथी, कोथिंबीर. बाहेरच्या कडेला उताराकडे गवती चहा, तो माती धरून ठेवतो. आतल्या दोन फुटांत काहीच नको, गवतसुद्धा. तिथलं तण मी हाताने काढते.

केळी ठेवली असेल तर आणखी एक. काकडी, गिलके, भोपळा यांचे वेल केळीवर चढवायचा मोह होतो, दिसायलाही झकास दिसतं. रावेर-यावलकडचा केळीवाला ते बघून कपाळाला हात लावेल. केळीवर येणारा हरण्या रोग म्हणजे काकडीवरचाच मोझॅक विषाणू. मावा त्याला वेलावरून केळीवर नेतो. पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, झाड उपटण्यावाचून इलाज राहत नाही. आमचे दोन खांब असे गेले. वेलांना आता घराच्या पुढच्या बाजूला मांडव आहे. पपई तर काळ्या मातीत पाणी एक-दोन दिवस थांबलं तरी मान टाकते. तिला उंचवट्यावरच जागा द्या किंवा देऊच नका.

आच्छादन कधी, कुठे

इतकं वाचून आच्छादनच वाईट असा समज होईल, तो नको. उन्हाळ्यात ते नसेल तर काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. आखाजीच्या आधी मी बांगडीत चांगला वीतभर पाला घालते, बुंध्यापासून दोन फूट सोडून. मृगाचा पाऊस बसला की तोच पाला अर्ध्यावर आणते, बाकीचा केळीच्या खड्ड्यात. कानबाईच्या आसपास एकदा खाली बसून बुंधा बघायचा, चाकू न लावता नुसतं दाबून. दसऱ्याला मलम. थंडीत पुन्हा पाला वाढवायचा.

कशाचं आच्छादन, यावर फार डोकं खपवू नका. फक्त कपाशीच्या पऱ्हाट्या नकोत. फुकट मिळतात, पण लाकडासारख्या असल्याने उधई लागते, आणि त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. कपाशीवाला शेजारी असेल तर तो तुमच्यावर डाफरेल आणि बरोबरच डाफरेल.

तरीही डिंक आलाच तर

पहिल्या वर्षी थोडा येईल. झाडाने आत साठवलेला त्रास एका हंगामात जात नाही. माझ्याकडे २०२२ च्या पावसाळ्यात दोन ठिकाणी थेंब आले, जखमेच्या कडेला साल मात्र गुंडाळून भरत होती. ती गोल फुगीर कड दिसली की झाड जिंकतंय असं समजा आणि हात लावू नका. २०२३ पासून श्रावण कोरडे गेले, म्हणजे डिंकाच्या बाबतीत.

डिंक वाढतच असेल तर औषधाच्या दुकानात या रोगावर मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम देतात. मॅन्कोझेब सोडलं तर ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी औषधं आहेत, काम करतात. पण खाली खायची भाजी असेल तर मी ती वापरत नाही. वापरायचंच असेल तर लेबलवरचं प्रमाण आणि काढणीआधीचे दिवस वाचा, तोवर खालची भाजी तोडू नका. आळं न बदलता वापरलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पुडी आणायला जाल, मी गेले होते तशी.

आणि चाकू लावल्यावर बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेराची साल तपकिरी निघाली, तर त्या झाडावर जीव टाकू नका. दोन-तीन वर्षं ते फळंही देईल, कधी कधी मरायच्या आधी झाड लगडून येतं. पण नवं रोप आत्ताच लावा, त्याच खड्ड्यात मुळीच नाही. जागा बदला, खड्ड्याऐवजी दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद मातीचा ओटा करा आणि रोप ओट्यावर लावा. आमच्याकडेही खबरदारी म्हणून एक लावलंय, साई सरबती या लिंबाच्या जातीचं. आप्पा रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायला जातात, बुंध्यावरच. मी सांगून थकले. शेवटी त्यांच्यासाठी ओट्याच्या कडेला एक मडकं पुरलंय, तांब्या त्यात रिकामा करायचा असं ठरलंय.